कंपनीचा, लोकल की तिसराच? मोटरसायकलचे स्वस्त पार्ट निवडताना

स्पेअर पार्टच्या काउंटरवर प्रश्न ठरलेला असतो: "कंपनीचा देऊ की लोकल?" मागे गिऱ्हाइकं उभी असतात, मेकॅनिक गाडी उघडून बसलेला असतो, आणि आपण खिशाकडे बघून काहीतरी उत्तर देतो. या प्रश्नात दोनच पर्याय आहेत असं वाटतं. खरे पर्याय पाच आहेत, आणि सगळ्यात फायद्याचे दोन या प्रश्नात येतच नाहीत.

आमच्या घरी दोन गाड्या आहेत, बाबांची जुनी स्प्लेंडर आणि माझी पल्सर १५०. दोन्हींचे पार्ट मी स्वतः आणून देतो आणि मेकॅनिक बसवतो. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात फिरून जे कळलं त्यातली मुख्य गोष्ट अशी: "हा ओरिजिनल आहे का?" असं विचारण्याआधी "हा पार्ट ओळखला कशावरून जातो?" असं विचारायचं. काही पार्ट जगभर एकाच नंबरने ओळखले जातात. काही पार्टचं ड्रॉइंग फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे आणि तिच्या पुरवठादाराकडे असतं. पहिल्या प्रकारात गाडीच्या कंपनीच्या पाकिटाला जादा पैसे द्यायचं कारण नाही. दुसऱ्या प्रकारात पुरवठादार कोण आहे ते शोधायचं.

आता ते पाच पर्याय. गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला पार्ट. तोच पार्ट कंपनीला पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला. कुठल्याही चांगल्या कंपनीचा, पण नंबर आणि मापाने जुळणारा. नाव-पत्ता धड नसलेला लोकल. आणि जुन्या गाडीवरून काढलेला. नकली पार्ट हा सहावा पर्याय नाही, ती फसवणूक आहे. पहिल्या तीनही प्रकारांच्या वेषात तो येऊ शकतो.

बेअरिंग : इथे पैसे खरोखर वाचतात

चाकाचं बेअरिंग वाजायला लागलं की जुनं काढून कडेवरचा नंबर वाचा. ६३०१ असेल तर आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७ मिमी, जाडी १२ मिमी. ६२०२ असेल तर १५, ३५ आणि ११. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. ही मापं गाडीच्या कंपनीने ठरवलेली नाहीत, ती जगभर सारखी आहेत. छताच्या पंख्यात आणि पाण्याच्या मोटरीतही याच घराण्यातली बेअरिंग असतात. एसकेएफ, एनबीसी किंवा एफएजीचं ६३०१ आणि गाडीच्या कंपनीच्या पाकिटातलं ६३०१ यांत पाकिटाचाच फरक असतो, कारण गाडीवालेही बेअरिंग अशाच कारखान्यांकडून घेतात.

नंबरापुढची अक्षरं मात्र बघायचीच. 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात चालणाऱ्या गाडीच्या चाकाला मी डोळे झाकून रबर सीलवालं घेतो, कारण पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून पाणी आत जातंच. 'सी३' म्हणजे आतल्या गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक, गरम होणाऱ्या जागेसाठी. जुन्यावर सी३ असेल तर नवंही सी३ घ्या. इंजिनाच्या आत कधीकधी गाडीवाल्याने खास बनवून घेतलेली बेअरिंग असतात. तिथे नंबर नेहमीच्या यादीत सापडला नाही तर कंपनीचंच घ्या.

होंडाच्या पार्टच्या यादीत तर हे नंबर उघडच दिसतात. ९६१०० ने सुरू होणाऱ्या नंबरात पुढे ६२०३० आलं की ते ६२०३ बेअरिंग. एरवी तिथल्या नंबराचे तीन तुकडे असतात: पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, मधली तीन अक्षरं तो पार्ट मुळात ज्या मॉडेलसाठी बनला त्याची खूण असते, शेवटचे आकडे आवृत्ती सांगतात. मधली खूण तुमच्या गाडीची नसून जुन्या मॉडेलची निघाली तर समजा की पार्ट सामाईक आहे, आणि त्या जुन्या मॉडेलच्या नावाने पुरवठादाराचा स्वस्त खोका बाजारात असण्याची शक्यता मोठी. हिरो आणि होंडा एकत्र असतानाच्या गाड्यांमध्येही हीच पद्धत दिसते. ९७.२ सीसीचं इंजिन स्प्लेंडर, पॅशन, एचएफ डिलक्स अशा कितीतरी गाड्यांत बसल्यामुळे त्या घराण्याचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात.

ऑइल सीलचं गणित बेअरिंगसारखंच आहे. सीलवर तीन आकडे उठवलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तिन्ही जुळले पाहिजेत आणि रबर चांगल्या कंपनीचं पाहिजे. फोर्कचं सील बदलताना फोर्कच्या दांड्यावर नख फिरवून बघा. गंजाचा खड्डा लागला तर कितीही महागडं सील टाका, काही दिवसांत तेल गळणारच.

प्लग आणि बल्ब : नंबराचा घोटाळा

स्पार्क प्लग गाडीची कंपनी बनवत नाही. प्लग बनवणाऱ्याच्या खोक्यातलाच घ्यावा. पण एका कंपनीच्या प्लगऐवजी दुसरीचा घेताना एक चूक हमखास होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड' होत जातो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की 'गरम'. म्हणजे आकडा बघून जोडी लावता येत नाही, प्लग कंपनीचा बदली-तक्ताच बघावा लागतो. एनजीकेच्या 'सीपीआर८ईए-९' मध्ये 'सी' म्हणजे १० मिमी व्यासाचा आटा (स्क्रूसारखा पेचाचा भाग), 'आर' म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही उष्णतेची पातळी, 'ई' म्हणजे १९ मिमी लांबीचा आटा आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमीची फट. आट्याची लांबी चुकली तर नुकसान मोठं. लांब आट्याचा प्लग आत जाऊन पिस्टनला लागू शकतो.

हेडलाइटचा बल्ब घेताना एचएस१ आणि एच४ दिसायला भाऊ-भाऊ असतात. एचएस१ ३५/३५ वॅटचा, एच४ ६०/५५ वॅटचा. उजेड वाढेल म्हणून ठोकून बसवलेला एच४ होल्डर वितळवतो आणि बॅटरी खात राहतो. बल्ब स्वस्त घ्या, पण वॅट तेच ठेवा.

चेन किट : किलोमीटरमागे भाव काढा

चेन-स्प्रॉकेटच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण इथे माप जुळतं पण पोलाद जुळत नाही. ४२८ म्हणजे पिन ते पिन १२.७ मिमी. ४२८एच मध्ये अंतर तेच, पट्ट्या जाड. ४२८ नंबरची कुठलीही चेन दातांवर बसेल, तरी ती ताणली किती लवकर जाईल हे नंबर सांगत नाही. ते पिनच्या कडकपणावर आणि दातांना दिलेल्या उष्णता-प्रक्रियेवर ठरतं, आणि तिथेच स्वस्त किट बनवणारा पैसे वाचवतो.

एकदा मी दुकानदाराच्या भरवशावर पत्ता नसलेल्या खोक्यातलं किट घेतलं. पावसाळा संपायच्या आत मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकले, आणि चेन ॲडजस्टर मागे ओढायला जागा उरली नाही. तेव्हापासून मी हिशेब असा करतो: समजा एक किट १००० रुपयांचं, २०,००० किमी चालणारं, आणि दुसरं ६५० चं, ९,००० किमी चालणारं. दोन्हींना २०० रुपये मजुरी धरली तर पहिलं हजार किलोमीटरला ६० रुपये पडतं, दुसरं ९४ रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला, पण भागाकार केल्याशिवाय किट घेऊ नका.

इथे माझी निवड स्पष्ट आहे: पुरवठादाराचा खोका. कोइम्बतूरच्या एलजीबीचं रोलॉन किंवा टीआयचं डायमंड. या कंपन्या गाडीवाल्यांनाही चेन देतात. खोक्यावर तुमचं मॉडेल आणि साल बघा, पुढचे-मागचे दात आणि चेनच्या कड्या जुन्याशी मोजून जुळवा. एकटी चेन बदलू नका. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर ती लवकर संपते.

पुरवठादाराचा खोका म्हणजे नेमकं काय

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे वाढले. एन्ड्युरन्स आणि वॅरॉक या त्यातल्याच, संभाजीनगरच्या मातीतल्या कंपन्या. एन्ड्युरन्स शॉकअप, फोर्क, क्लच, ब्रेक बनवते. वॅरॉक लाइट आणि विजेचे भाग. चाकणला गॅब्रिएलचे शॉकअप. ब्रेकच्या लायनरमध्ये एएसके, क्लचमध्ये एफसीसी, क्लच-ॲक्सिलेटरच्या वायरमध्ये बंगळूरची सुप्रजित, पिस्टन-रिंगमध्ये श्रीराम पिस्टन्सचा 'उषा' ब्रँड. यांपैकी बहुतेक नावं तुमच्या गाडीत आधीच आहेत. जुना पार्ट पुसून बघा, बऱ्याचदा त्यावर बनवणाऱ्याची खूण उठवलेली सापडते. तेच नाव घेऊन दुकानात जायचं.

फायदा दोन ठिकाणी होतो. छापील किंमत बहुधा कमी असते, आणि दुकानदार तिच्यावर सूटही देतो. गाडीच्या कंपनीच्या पाकिटावर तो सहसा देत नाही. एक शंका मात्र मनात ठेवावी: गाडीवाल्याला जाणारा माल त्याच्या तपासणीतून जातो, खुल्या बाजारातला माल नेहमी त्याच कसोटीचा असेलच असं नाही. म्हणून नवा-जुना हातात घेऊन वजन, फिनिश, कडा बघते वेळी संकोच करू नका.

ब्रेक : लोकल नाहीच

स्प्लेंडरच्या साध्या मॉडेलला पुढे-मागे १३० मिमीचे ड्रम आहेत. लायनर स्वस्तात स्वस्त मिळतात, आणि दोन्हीपैकी एक होतं. मऊ असले तर लवकर संपतात. कडक असले तर गुळगुळीत होऊन धरत नाहीत आणि ड्रमला रेघा पाडतात. अलॉय चाकात ड्रम चाकातच बसवलेला असतो, म्हणजे लायनरमध्ये वाचवलेले पैसे अख्ख्या चाकात जातात. शिवाय लायनर ब्रेक शूच्या लोखंडी बुटाला चिकटवलेला असतो. ते चिकटवणं कच्चं असेल तर तुकडा सुटून ड्रममध्ये अडकतो. इथे कंपनीचं पाकीट किंवा एएसकेसारखा पुरवठादार, दोनच पर्याय. मी पुरवठादाराचा घेतो आणि निर्धास्त असतो.

डिस्क पॅड गाडीवरून नाही, कॅलिपरवरून (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरून) ओळखतात. बायब्रे या ब्रेक ब्रँडचे कॅलिपर केटीएमलाही आहेत आणि रॉयल एनफिल्डलाही. पॅडचा आकार आणि पिनची भोकं जुळली तर दुसऱ्या गाडीच्या नावाचं पाकीट चालू शकतं. ब्रेक लिव्हरही लोकल घेऊ नका. क्लचचा लिव्हर तुटला तर गाडी बंद पडेल, ब्रेकचा तुटला तर थांबणार नाही.

इंजिन आणि वायरिंग

क्लच प्लेट, पिस्टन किट, टायमिंग चेन यांत पार्टच्या फरकापेक्षा इंजिन उघडायची मजुरी, गॅस्केट आणि ऑइल जास्त पडतं. दोन-तीनशे वाचवून हे काम पुन्हा करायचं नसेल तर कंपनीचा किंवा पुरवठादाराचा. ऑइल कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालेल, पण डब्यावर गाडीला सांगितलेली श्रेणी आणि जासो एमए किंवा एमए२ (तेलात बुडणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून ओतलं तर तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो.

सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर (बॅटरीला जाणारी वीज आवरणारा भाग) लोकल घेऊ नये. सीडीआयमध्ये ठिणगीची वेळ ठरलेली असते, ती बदलली की पिकअप आणि मायलेज दोन्ही जातं. रेग्युलेटर बिघडला तर नवी बॅटरी उकळते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीचे सेन्सर मी कंपनीचेच घेतो, आणि वॉरंटी चालू असेल तर बाहेरचं काही बसवण्याआधी वॉरंटीचे नियम वाचा.

आरसे, इंडिकेटर, फुटरेस्टचे रबर, सीट कव्हर, मडगार्ड: लोकल खुशाल घ्या. टाकी, साइड पॅनल, हँडल जुन्या बाजारातूनही चांगले मिळतात, फक्त बिल देणाऱ्याकडूनच घ्या, म्हणजे चोरीचा माल गळ्यात येणार नाही.

पाकीट वाचताना

खऱ्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क असतो. कायद्याने तो द्यावाच लागतो. पत्ता नाही तर पार्ट नको, मग दुकानदार ओळखीचा का असेना. बेअरिंगची शंका आली तर एसकेएफचं खरं-खोटं तपासणारं ॲप आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्या तारखेच्या आधी बनलेलं पाकीट हातात आलं तर त्यावरची किंमत जुन्या दराची असू शकते. बिल करायच्या आधीच विचारा.

आणि जुना पार्ट कापडात गुंडाळून सोबत न्या. मेकॅनिकने चिठ्ठीवर लिहिलेलं "पल्सर बेअरिंग" दुकानदाराला पुरत नाही. पार्टवर कोरलेला ६३०१ पुरतो.