गावाकडची जमीन ठेवायची, की विकून ठेव करायची?

2012 मध्ये वडील गेले आणि वारसनोंदीनंतर साडेतीन एकर जिरायत, म्हणजे पावसावरची जमीन, माझ्या नावावर आली. गाव सोलापूर जिल्ह्यात, मी नोकरीसाठी पुण्यात. 11 वर्षं ती जमीन ठेवली. 2024 मध्ये बहुतेक विकली आणि पैसे ठेवीत टाकले. दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून लिहितोय. तुमचा सख्खा भाऊ गावात राहून शेत कसत असेल तर मात्र यातलं बरंच तुम्हाला लागू नाही. तुम्ही जमीन ठेवाच.

जमिनीच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे तिने दिलेला धीर. नोकरी डळमळीत झाली त्या वर्षी रात्री झोप लागायची ती सातबाऱ्यावरच्या नावामुळे. ठेवीच्या पावतीने तसं कधी वाटलं नाही, हे कबूल करतो. महागाईपुढे व्याज फारसं टिकत नाही, त्यावर कर वेगळा. आणि बँकही अगदी निर्धोक नाही. ठेव विम्याची मर्यादा 2020 पासून 5 लाख आहे, तीही एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून. म्हणून मी रक्कम चार बँकांत विभागली. ते एकदाचं काम होतं, दोन दिवसांत संपलं.

जमिनीचं काम संपत नाही. बटईने दिली होती, तोंडी. बटईदार उद्या कुळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने आमच्याकडे कुणी कागद करत नाही. त्यामुळे पीक किती निघालं हे बटईदार सांगेल तेच खरं. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, आल्यापासून पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. बटईदाराने केली तर झाली, नाहीतर भरपाईच्या वेळी पंचाईत. हे सगळं मी सोसलं असतं. निर्णय झाला तो बांधामुळे.

पूर्वेकडचा बांध साधारण 200 मीटर लांब. पलीकडचा शेतकरी दर नांगरटीला तो वीतभर कोरायचा. एका वर्षात वीतभर फरक कुणाच्या डोळ्यात येत नाही, त्यात मी दिवाळीला एकदा जाणार. पण 11 वर्षांच्या 11 विती म्हणजे अडीच मीटर, आणि 200 मीटर लांबीवर ते 5 गुंठे होतात. वडिलांनी लावलेली बाभळ बांधाच्या मधोमध होती. 2023 मध्ये गेलो तर ती त्याच्या ज्वारीत उभी होती. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो, काय बोलावं सुचेना.

सरकारी मोजणी आणली. हद्दीच्या खुणा दाखवल्या, ‘क’ प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा मिळाला, 5 गुंठ्यांचं अतिक्रमण कागदावर आलं. त्याने हरकत घेतली, मग निमताना, म्हणजे अपिलातली फेरमोजणी झाली. तीही माझ्याच बाजूने. आणि तरीही जमीन त्याच्याच ताब्यात. कागदावर हद्द ठरली म्हणून ताबा आपोआप परत मिळत नाही. समोरचा हलला नाही तर दिवाणी दावा. दुसऱ्याचा ताबा 12 वर्षं तसाच राहिला तर जमीन परत मागायचा हक्क जातो, या मुदतीची वकिलांनी आठवण करून दिली, तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे वाचून माहीत होतं. त्या दिवशी ते कळलं. जमीन कुठे पळून जाते, असं आपण म्हणतो. लांब राहणाऱ्याची जाते, वीत-वीत करून.

विकायला निघालो तेव्हा दुसरी गोष्ट कळली, जी मला आधी कुणी सांगायला हवी होती. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला परवानगीशिवाय शेतकरीच लागतो. रस्त्यालगत नसलेल्या जिरायतीला असे गिऱ्हाईक किती? भावकीतले दोघे आणि शेजारी. पैसे तयार होते फक्त शेजाऱ्याकडे. ज्याने बांध कोरला त्यालाच विकली, वाद तिथेच मिटवून, अपेक्षेपेक्षा कमी भावात. जमिनीचा जो भाव आपण मनात धरून बसतो, तो गरजेच्या दिवशी हातात येईलच असं नाही. एक दिलासा होता: ग्रामीण शेतजमीन असल्याने भांडवली नफ्यावर कर लागला नाही. तुमची जमीन नगरपालिकेच्या हद्दीजवळ असेल तर हे आधी तपासा. लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटरच्या आत असेल तर हिशोब बदलतो.

पाण्याचा धोका आता मी वेगळा धरतो. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या सीना नदीला पूर आला. माझ्या मामेभावाचं शेत नदीकाठी आहे. पीक गेलं याचं दुःख होतंच, पण वरची काळी माती खरडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच आहे. पेरायला माती नाही. दुष्काळाची आम्हाला सवय होती, पण दुष्काळानंतर जमीन जागेवर तरी असायची.

तरीही सगळी विकू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सगळी विकली तर पुढे पुन्हा शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? मुलांनाही ती वाट बंद होते. मी विहिरीजवळचे 30 गुंठे ठेवले. शेताचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून जो तुकडेबंदी कायदा आहे, त्यात जिरायतीला 20 गुंठ्यांची मर्यादा आहे, त्यापेक्षा कमी तुकडा ठेवायच्या किंवा विकायच्या भानगडीत पडू नका. पोटहिस्सा पाडून, म्हणजे तो तुकडा कागदोपत्री वेगळा करून, चारही कोपऱ्यांना दगड रोवून घेतले. दर मे महिन्यात, नांगरटीच्या आधी, मी स्वतः जाऊन दगडांना चुना लावतो आणि टेपने अंतर मोजतो. एवढ्या तुकड्याची राखण पुण्यातून जमते. साडेतीन एकरांची मला जमली नाही.