ड्राफ्टच्या जुन्या याद्या आणि एक न दिसणारा रकाना: बास्केटबॉल-रेफरन्स वापरून झालेलं मत

बास्केटबॉल-रेफरन्स या साइटवर बहुतेक जण कालच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूवार आकड्यांचा तक्ता, बघायला जातात. मी जाते ती ड्राफ्टच्या पानांसाठी. ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात ती निवड. एनबीएचा कुठलाही ड्राफ्ट उघडा, अगदी 1947 पर्यंत मागे जा, निवडीच्या क्रमाने नावं दिसतात आणि प्रत्येक नावापुढे त्या खेळाडूचं पुढे काय झालं ते एका ओळीत मांडलेलं असतं: किती हंगाम, किती सामने, गुण, रिबाउंड, असिस्ट, नेमबाजीची टक्केवारी आणि शेवटी विन शेअर्स (संघाच्या विजयांतला खेळाडूचा अंदाजे वाटा), बीपीएम, व्हीओआरपी (खेळाडूच्या एकूण योगदानाचे दोन अंदाज) हे प्रगत आकडे. सगळं फुकट. जाहिराती आहेत, फोनवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं, पण पान पटकन उघडतं आणि हवं ते सापडतं.

मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या संघनिवडीत बसते. तिथे दर वेळी एकच वाद रंगतो: आज वीस गुण करणारी मुलगी घ्यायची, की आज अडखळणारी, पण लांब हातांची, चपळ पायांची आणि दोन वर्षांत कुठल्या कुठे जाईल असं वाटणारी? एनबीएचे संघ हाच प्रश्न कोट्यवधी डॉलर पणाला लावून सोडवतात आणि त्यांची उत्तरं कायमची छापली जातात. म्हणून ही पानं मला मौल्यवान वाटतात. निवड करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत असं मी मनापासून सांगेन, फक्त ती कशी वाचायची हे साइट सांगत नाही.

सुरुवात 2010 पासून करा. दुसऱ्या क्रमांकावर इव्हान टर्नर. ओहायो स्टेटचा, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, सामन्यामागे 20.4 गुण, 9.2 रिबाउंड, 6 असिस्ट. याहून सिद्ध कामगिरी कुठून आणायची? आठ जागा खाली, दहाव्या क्रमांकावर, फ्रेस्नो स्टेटचा पॉल जॉर्ज. त्याचे गुण सतराच्याही आत आणि संघ जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला. आता विन शेअर्सच्या शीर्षकावर टिचकी मारा, यादी उलटसुलट होते आणि जॉर्ज टर्नरच्या कितीतरी वर जातो. टर्नर दहा हंगाम टिकला, ते काही थोडं नाही. पण दुसऱ्या क्रमांकावर घेताना संघ नुसत्या टिकण्यासाठी घेत नसतो.

इथे थांबलात तर ‘कामगिरी फसवते, क्षमता बघा’ असा सोपा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा आहे. जॉर्जच्या नावावर टिचकी मारून त्याच्या पानावर खाली कॉलेजच्या तक्त्यापर्यंत जा. पहिल्या वर्षी फ्री थ्रो सत्तर टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या वर्षी नव्वदच्या वर. फ्री थ्रोच्या रेषेवर समोर कोणी बचावाला नसतं, घाई नसते. तिथे दिसतो तो हाताचा निव्वळ सराव. एका वर्षात एवढी झेप घेणारा मुलगा शिकतो कसा, हे तो आकडाच सांगतो. म्हणजे ‘क्षमता’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्याचा पुरावा कामगिरीच्याच तक्त्यात होता, फक्त गुणांच्या रकान्यात नव्हता. टर्नरचं उलट. चेंडू सतत हातात असला की तो खुलायचा. एनबीएत तो दर्जा मोजक्यांना मिळतो, बाकीच्यांना चेंडूशिवाय उभं राहून दुरून बास्केट करावी लागते. टर्नरची तीन गुणांची टक्केवारी कारकिर्दीत तिशीच्या खालीच राहिली.

पुढचं पान 2011 चं. हे मी सर्वांत जास्त वेळा उघडलेलं पान असेल. दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेट. ब्रिगम यंगसाठी 28.9 गुणांची सरासरी, देशात पहिला. पंधराव्यावर क्वाय लेनर्ड, सॅन दिएगो स्टेटचा, 15.5 गुण आणि 10.6 रिबाउंड. पुढे एनबीएचा मोठा तारा झाला तो लेनर्ड, फ्रेडेट नव्हे. तीन गुणांच्या नेमबाजीत तो तिशीही गाठत नव्हता, म्हणून अनेक संघ पुढे निघून गेले. पण वय बघा. ड्राफ्टच्या दिवशी फ्रेडेट बावीस वर्षांचा होता आणि लेनर्डला वीस पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. बाविसाव्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवर 28 गुण करणं आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच मैदानावर दहा रिबाउंड ओढणं, या दोन गोष्टी एका रांगेत मांडून तुलना होत नाही. रिबाउंडला ताकद लागते, हात लागतात, चेंडू कुठे पडणार याची जाण लागते. ती उशिरा शिकवता येत नाही, नेमबाजी मात्र शिकवता येते. सॅन अँटोनियोकडे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलँड होते. त्यांनी लेनर्डच्या शॉटवर काम केलं आणि पहिल्याच हंगामात त्याची टक्केवारी 37.6 वर गेली.

एक सूचना इथेच देते, कारण नवा वाचक गोंधळतो. संघाच्या रकान्यात लेनर्डपुढे इंडियाना दिसेल. त्याला निवडलं इंडियानाने आणि त्याच रात्री सॅन अँटोनियोला दिलं. 2018 च्या पानावर लुका डॉन्चिचपुढेही डॅलसऐवजी अटलांटा दिसतं. ज्या संघाने नाव पुकारलं तो संघ साइट दाखवते, ज्याने डोकं लावलं तो नव्हे. अदलाबदलीची हकिगत खेळाडूच्या पानावर व्यवहारांच्या नोंदीत सापडते. ड्राफ्टच्या पानावर एक छोटी खूण असती तर बरं झालं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एक तारा कापते, ती. या पानावर वयाचा रकानाच नाही. सगळ्या वादाचं मूळ ज्या आकड्यात आहे, तो एकेका नावावर जाऊन शोधावा लागतो. त्यामुळे नुसती यादी बघणाऱ्याला फ्रेडेट आणि लेनर्ड एकाच मापाचे उमेदवार वाटतात. ड्राफ्टपूर्वीचे आकडेही यादीत नाहीत, सगळी ओळ नंतरच्या कारकिर्दीची. निकाल समोर असताना ‘हे तर दिसतच होतं’ असं वाटायला लागतं, आणि निवड शिकायची तर हीच भावना सर्वांत घातक. मी म्हणून आधी कॉलेजचे तक्ते बघते, मनाशी क्रम लावते, मगच ड्राफ्टचं पान उघडते.

2013 चं पान हे दोन्ही बाजूंच्या लोकांचं आवडतं. पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेट, 151 सामने आणि सरासरी 4.4 गुण. पंधराव्यावर यानिस आंतेतोकूम्पो, पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. बेनेटला लोक ‘क्षमतेवर लावलेला फसलेला डाव’ म्हणतात, पण त्याचा कॉलेजचा तक्ता उघडून बघा: पहिल्याच वर्षी 16.1 गुण, 8.1 रिबाउंड, नेमबाजी 53 टक्क्यांच्या वर. कागदावर तो सिद्धही होता आणि तरुणही. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो ड्राफ्टला आला, हे मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाही. यानिसच्या ओळीत कॉलेजची जागा रिकामी. तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून आलेला, पहिल्या हंगामात 6.8 गुणांचा. त्यानंतर त्याची उंचीही वाढली. मिलवॉकीने त्याला त्या 6.8 गुणांच्या हंगामातही 77 सामने खेळवलं. क्षमतेवर पैज लावायची तर चुका सोसत खेळवण्याची तयारीही संघाकडे लागते. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही कच्च्या मुलीला संघात घेतो आणि मग बाकावर बसवून ठेवतो. तिला घेऊन मिळवलं काय?

2001 चं पान शेवटी वाचा, ते सर्वांत अवघड आहे. पहिल्या चारांत तिघे थेट हायस्कूलमधून आलेले: क्वामी ब्राउन, टायसन चँडलर, एडी करी. ब्राउन हा पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला हायस्कूल खेळाडू. त्यानंतर काही वर्षांनी, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2005 च्या करारात वयाची अट आली आणि 2006 पासून हायस्कूलमधून थेट येणं बंद झालं. ब्राउनवरून सगळी पद्धतच वाईट ठरवणाऱ्यांनी चँडलरची ओळ वाचावी: 2011 ला डॅलसबरोबर विजेतेपद, 2012 ला सर्वोत्तम बचावपटू. आणि सहाव्या क्रमांकावर ड्यूक विद्यापीठात चार वर्षं काढलेला शेन बॅटिए. सरासरी 8.6 गुण, म्हणजे गुणांच्या रकान्यात तो ब्राउनच्या फार पुढे दिसणार नाही. विन शेअर्समध्ये तो त्याला मागे टाकतो, आणि तरीही बॅटिएची खरी किंमत त्यात पूर्ण उतरत नाही. बीपीएम आणि व्हीओआरपी हे दोन्ही बॉक्स स्कोअरवरून काढले जातात. समोरच्याला त्याच्या नावडत्या जागी ढकलून शॉट घ्यायला लावणं तिथे मोजलं जात नाही. बचावावर जगणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हे आकडे जपून वाचा.

परदेशी खेळाडूंसाठी साइटवर युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) आणि इतर काही लीगची वेगळी पानं आहेत आणि ती चांगली आहेत. 2018 साठी त्यांची गरजच पडते. एटन आणि बॅग्ली दोघांनीही कॉलेजात वीस गुण आणि अकरा रिबाउंड केले होते, म्हणून ते पहिला आणि दुसरा. तिसरा डॉन्चिच, एकोणीस वर्षांचा, युरोलीगचा त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, रेआल माद्रिदबरोबर विजेता. त्याने ते केलं व्यावसायिक, पिकलेल्या पुरुषांविरुद्ध. वय इतकं कमी आणि प्रतिस्पर्धी इतके तगडे असताना क्षमता वेगळी आणि कामगिरी वेगळी असं काही उरतच नाही. माझ्या डोळ्यांसमोर निवडीचं माप म्हणून आता हीच ओळ असते: कोणत्या वयात, कोणाविरुद्ध, आणि गेल्या वर्षीपेक्षा किती बदललं.

पैसे भरून मिळणारी स्टॅटहेड ही याच कंपनीची सेवा आहे. तिथे ड्राफ्टमधल्या निवडी स्वतःच्या अटी घालून शोधता येतात. रोज लिहिणाऱ्याला, विश्लेषण करणाऱ्याला ती घेण्यात अर्थ आहे. प्रशिक्षकाला फुकटची पानं पुरतात. प्रत्येक तक्त्यावरच्या ‘शेअर अँड एक्सपोर्ट’मधून यादी उतरवून घेता येते. मी तसंच करते आणि वयाचा रकाना हाताने भरते. 2010 आणि 2011 चे तक्ते पूर्ण झालेत. 2001 चा सुरू आहे, आणि तिथे हायस्कूलमधून आलेल्यांपुढे भरायला वयाखेरीज दुसरं काहीच नाही.