विझचा बल्ब आणि पायथॉन: जमतंय की!

ज्यांना अ‍ॅपमध्ये बोटं घालत बसायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी विझ (WiZ) कंपनीचे वायफाय बल्ब मस्त आहेत, पायथॉनमधूनही चालवता येतात, वेगळा हब (बल्ब आणि राउटर जोडणारा डबा) वगैरे काही लागत नाही. एकदा अ‍ॅपमधून सेटअप केला आणि सेटिंगमध्ये लोकल कम्युनिकेशन चालू ठेवलं की पुढचं सगळं घरच्या नेटवर्कवरच होतं, बल्ब यूडीपी (नेटवर्कवर छोटे संदेश पाठवायची पद्धत) पोर्ट ३८८९९ वर साधा जेसन (JSON, मजकुरातला डेटा) ऐकतो, म्हणजे इंटरनेट गेलं तरी तुमची पायथॉन स्क्रिप्ट चालते!! पायविझलाइट (pywizlight) लायब्ररी पिपने (पायथॉनची पॅकेजं टाकायची कमांड) टाका, बल्बचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, चार-पाच ओळींत लाइट चालू. फक्त ती लायब्ररी असिंकआयओवर (asyncio, पायथॉनमध्ये कामं न थांबता चालवायची सोय) आहे त्यामुळे नवशिक्यांना कमांडआधी अवेट (await) हा शब्द लिहायला विसरल्यावर काहीच का होत नाही ते पटकन कळत नाही.

राउटरमध्ये बल्बचा आयपी फिक्स करून टाका, नाहीतर तो बदलला की स्क्रिप्ट भलत्याच पत्त्यावर बोंबलत बसते. बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतो. आणि हो, पासवर्ड-बिसवर्ड काही नाही, तुमच्या वायफायवर आलेला कुणीही पाहुणा लाइट घालवू शकतो, म्हणून पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा. भिंतीवरचं बटण बंद असेल तर मात्र पायथॉन काय करणार 😄

पाचपैकी चार.