हॅश मार्क: एनएफएल आणि कॉलेज फुटबॉल

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) असो वा अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, दोन्हीकडे मैदानाची रुंदी 160 फूटच; फरक आहे तो मधल्या आखूड खुणांच्या, म्हणजे हॅश मार्कच्या, दोन रांगांत. चेंडू या रांगांबाहेर थांबला, तर पुढचा डाव जवळच्या खुणेवरून सुरू होतो.

एनएफएलमध्ये 1972 पासून रांगांतलं अंतर 18 फूट 6 इंच, म्हणजे दोन गोलखांबांमधल्या अंतराइतकंच. त्यामुळे खांबांमधून मारायची किक जवळपास सरळ जाते.

कॉलेजात हेच अंतर 40 फूट. खरी गंमत इथेच आहे! चेंडू खुणेवर असला की एका बाजूला 60, तर दुसरीकडे तब्बल 100 फूट मोकळी जागा मिळते. धावणाऱ्यांची चंगळ, किकरची मात्र परीक्षा: 20 यार्डांच्या किकलाही मध्यरेषेपासून सुमारे 18 अंशांचा तिरकस कोन पडतो. जवळची किक सोपी समजून सरळ मारली, तर ती हमखास खांबांबाहेर जाते.