रंगाखाली झाकलेली कूज : जुन्या लाकडी होडीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुनी लाकडी होडी पूर्ववत करून देतो असे सांगणाऱ्या एका कारागिराने माझी कशी फसवणूक केली, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना पैसे हातातून सुटण्यापूर्वी नेमके काय तपासायचे ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. या व्यवसायातील कितीतरी सुतार प्रामाणिक आणि कसबी असतात, आणि माझी होडी शेवटी अशाच एकाने सावरली. मात्र या कामाचे स्वरूपच असे आहे की लबाड माणसाला त्यात लपायला भरपूर जागा मिळते. होडीला तरंगत ठेवणारे भाग, म्हणजे फळ्यांच्या कडा, फासळ्यांची तळाकडची टोके, खिळे आणि दरजांमध्ये, म्हणजे दोन फळ्यांमधल्या फटींमध्ये, ठासलेला कापूस, हे सगळे काम संपता संपता दिसेनासे होतात. मालकाच्या डोळ्यांसमोर उरतो तो रंग, आणि रंग त्या कारागिराने खरोखर उत्तम दिला होता.

करारनामा छापील होता, त्यावर दोघांच्या सह्या होत्या आणि रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याचे वेळापत्रकही होते. त्यातील कामाचे कलम मात्र एवढेच होते : ‘आवश्यकतेनुसार कुजलेल्या फळ्या व फासळ्या बदलणे’. ही आवश्यकता कोणी ठरवायची, याचा उल्लेख कुठेही नव्हता. पुढे वाद झाला तेव्हा ‘माझ्या मते ती फळी बदलण्याइतकी खराब नव्हती’ या त्याच्या एका वाक्यासमोर माझी बाजू लंगडी पडली. वास्तविक लाकडी होडीच्या प्रत्येक फळीला क्रमांक देता येतो. तळाच्या कण्यापासून, म्हणजे पठाणापासून, वरच्या दिशेने फळ्या मोजायच्या, डावी आणि उजवी बाजू वेगळी धरायची आणि फासळ्या पुढच्या टोकापासून मागे मोजत जायच्या. ‘उजवीकडील दुसरी फळी, सातव्या फासळीपासून तेराव्या फासळीपर्यंत नवी’ असे लिहिलेले असले, की त्यावर मतभेदाला जागा राहत नाही. हप्त्यांचे टप्पेही त्याने हुशारीने निवडले होते : लाकूड आल्यावर, घासकाम झाल्यावर, रंगाचा पहिला हात दिल्यावर आणि शेवटचा हात दिल्यावर. जुनी फळी काढून आतली फासळी उघडी पडली आहे आणि अजून काहीही झाकलेले नाही, अशा अवस्थेला एकही हप्ता बांधलेला नव्हता. खरे तर हप्ता त्याच अवस्थेला बांधायचा असतो, आणि तोही मालकाने किंवा मालकाच्या माणसाने जागेवर उभे राहून पाहिल्यानंतर.

लाकडाची आगाऊ रक्कम घेतल्यावर त्याने मला फळ्यांचा एक नीटनेटका ढीग दाखवला आणि हे सगळे तुमचेच, असे सांगितले. तोच ढीग दुसऱ्या एका होडीमालकालाही त्याचा म्हणून दाखवला गेला होता, हे आम्हा दोघांची गाठ पडली तेव्हा कळले. आपल्या पैशाने आलेल्या प्रत्येक फळीच्या टोकाला स्वतःच्या हाताने रंगाची खूण करून त्याचे छायाचित्र घेतले, तर असा प्रकार करणे कुणालाही जड जाईल. लाकूड किती सुकले आहे हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. ओल मोजण्याचे छोटे यंत्र सहज मिळते. पारंपरिक पद्धतीने बसवायच्या फळ्यांत साधारण 15 टक्क्यांच्या आसपास ओल असणे चांगले. ती कायम 20 टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीला वाव मिळतो, आणि नुकत्याच कापलेल्या लाकडात तर ती 30 टक्क्यांच्याही पुढे असते. असे ओले लाकूड बसवले की सुकताना ते आकसते आणि महिन्याभरापूर्वी घट्ट असलेल्या दरजा उघडतात. उलट भट्टीत अती कोरडे केलेले लाकूड पाण्यात इतके फुगते की शेजारच्या फळ्यांवर आणि खिळ्यांवर ताण येतो.

काम चालू असताना तो नियमित छायाचित्रे पाठवत असे, आणि ती अगदी खरीखुरी असत. फक्त त्यांतील काही माझ्या होडीची नसत. नंतर मी ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा एकात फासळ्यांमधील अंतर माझ्या होडीपेक्षा स्पष्टपणे जास्त होते आणि दुसऱ्यात पठाणाजवळच्या फळीवर खिळ्यांच्या दुहेरी रांगा होत्या, ज्या माझ्या होडीत एकेरी आहेत. चौकटीत होडीचा एखादा ओळखता येण्यासारखा भाग नसेल, तर अशा छायाचित्राला पुरावा मानू नये. काढलेल्या जुन्या फळ्या दाखवा असे म्हटल्यावर त्या जाळून टाकल्याचे उत्तर मिळाले. जितक्या फळ्या बदलल्याचे बिल आहे, तितक्या जुन्या फळ्या आवारात पडलेल्या दिसल्याच पाहिजेत, ही अट मी आता कोणत्याही कामात पहिल्यांदा घालतो, कारण खोटे बिल करणे सोपे असले तरी कुजलेल्या फळ्यांचा खोटा ढीग उभा करणे तितके सोपे नाही.

अर्धे काम झाल्यावर त्याने एक नवा प्रस्ताव मांडला, आणि संपूर्ण फसवणुकीचा कणा तोच होता. संपूर्ण तळाला बाहेरून फायबरग्लासचे, म्हणजे रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून कडक केलेल्या काचतंतूंच्या कापडाचे, आवरण दिले की होडी पुन्हा कधी गळणार नाही, दरजा भरण्याचा त्रासही कायमचा संपेल, असे त्याचे म्हणणे होते. ऐकायला हे पटण्यासारखे वाटते. परंतु कडेला कड लावून जोडलेल्या जुन्या फळ्या ओल घेतात, फुगतात, सुकतात आणि आकसतात, आणि त्यांच्यावर चिकटवलेले ताठ आवरण या हालचालीसोबत सरकत नाही. त्यातही त्याने वापरले ते स्वस्त पॉलिएस्टर रेझिन, जे लाकडाला मुळातच नीट धरत नाही आणि सागासारख्या तेलकट लाकडाला तर फारच कमी धरते. आवरण कुठेतरी सुटले की आत शिरलेले पाणी लाकूड आणि आवरण यांच्यामध्ये अडकून बसते. जुन्या होडीवर असे आवरण यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती लाकूड आधी पूर्ण सुकवून, इपॉक्सी हे लाकडाला जास्त पक्के धरणारे रेझिन वापरून आणि पुरेशा जाडीचे थर देऊन केलेली आहेत. कुजलेल्या फळीवर चढवलेले आवरण दुरुस्ती करत नाही, ते फक्त तपासणी अशक्य करते, आणि त्याला तेवढेच हवे होते.

होडी पाण्यात उतरवल्यावर आत पाणी येऊ लागले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, लाकूड फुगू द्या, आपोआप थांबेल.’ हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. बराच काळ जमिनीवर राहिलेली फळ्यांची होडी पाण्यात पडली की आधी गळतेच. मग फळ्या पाणी पितात, फुगतात आणि दरजा मिटतात. साधारणपणे काही दिवसांत गळती उघड उघड कमी होत जाते. माझ्या होडीत ती वाढत गेली. शिवाय ज्या फळ्यांवर बाहेरून आवरण आहे त्यांना फुगायला पाणी मिळणार कुठून, हा साधा प्रश्न मी विचारल्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर त्याने फोन उचलणेही बंद केले.

दुसऱ्या एका जाणत्या सुताराने होडी बाहेर काढायला लावली आणि प्रथम लाकडी हातोडीने तळ ठोकत नेला. चांगल्या फळीवर आवाज टणक येतो, कुजलेल्या किंवा आवरण सुटलेल्या जागी तो बद्द होतो. पठाणालगतच्या फळ्यांवर हाताचा पंजा मावेल एवढा टणक भागही सापडेना. मग त्याने पटाशीने आवरणाची एक कड उचलली. ते कापड कसलाही जोर न लावता, ओल्या कागदासारखे, मोठ्या तुकड्यात सोलून निघाले आणि आतून अळंबीसारखा वास आला. खालची फळी तपकिरी पडली होती, तिच्यावर उभ्या-आडव्या भेगांचे चौकोन उमटले होते आणि टोच्या मुठीपर्यंत आत गेला. ‘नवी’ म्हणून बिलात लावलेली फळी हीच होती. बसायच्या पाटांच्या वर दिसणाऱ्या फासळ्या खरोखर नव्या होत्या, परंतु पाट उचलल्यावर त्या तिथेच संपलेल्या दिसल्या. त्यांच्या खाली जुनी कुजलेली टोके तशीच होती आणि सांधा लांबीने, म्हणजे भेगा भरायच्या लगद्याने, बुजवून वरून रंग मारलेला होता. कूज बहुतेक वेळा पावसाच्या गोड्या पाण्यामुळे वरून सुरू होते, खाऱ्या पाण्यामुळे खालून नव्हे. त्यामुळे वरच्या तक्तपोशीच्या, म्हणजे फळ्यांच्या डेकच्या, कडेखाली, मागच्या फळीच्या कोपऱ्यांत आणि जिथे ओघळ साचतो त्या फासळ्यांच्या तळाशी टोच्या लावून पाहिल्याशिवाय कुणाचेही ‘सगळे ठीक आहे’ मान्य करू नये. खाऱ्या पाण्यात वावरलेल्या होडीला आणखी एक धोका असतो. लाकूड पोखरणारा टेरेडो हा खरे म्हणजे शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी आहे. तो टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि बाहेरून फळी शाबूत दिसत असताना आत बोगदे करत राहतो.

खिळ्यांचा प्रकार तर त्याहून वाईट होता. मूळ होडीत तांब्याचे खिळे होते, आतल्या बाजूने तांब्याची चकती घालून ठोकलेले. बिलात नव्या जोडणीसाठी सिलिकॉन ब्राँझ या समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूचे स्क्रू लावले होते, आणि सुताराने बाहेर काढायला घेतलेला पहिलाच स्क्रू मधोमध तुटला. तुटलेली जागा गुलाबी आणि कणीदार होती. तो ब्राँझ नव्हता, साधे पितळ होते. समुद्राच्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते आणि उरलेले तांबे सच्छिद्र आणि ठिसूळ होते, हा गुलाबी रंग त्याचीच खूण. काही ठिकाणी तर तांब्याच्या खिळ्यांशेजारी लोखंडी स्क्रू मारले होते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो, हे ज्ञान काही नवे नाही. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले, आणि दोनच वर्षांनी पाहणी झाली तेव्हा लोखंडी खिळे खाऊन गेल्यामुळे पत्रे सुटलेले आढळले; पत्र्याखाली राहून गेलेल्या तपकिरी कागदामुळे जे खिळे तांब्यापासून अलग राहिले होते, तेवढेच चांगले होते. अडीचशे वर्षांपूर्वी उलगडलेली ही गोष्ट होडी दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. खिळ्यांचा आणि स्क्रूंचा एकेक नमुना काम सुरू होण्यापूर्वी स्वतःजवळ ठेवावा, आणि काम चालू असताना बसवलेल्यांपैकी एखादा आपल्यासमोर काढायला लावावा.

आतील कप्प्यांसाठी वापरलेल्या प्लायवूडवर ‘मरीन’ असा ठळक शिक्का होता. शिक्का मारायला काय लागते? आय. एस. 710 या भारतीय मानकानुसार सागरी प्लायवूडचा गोंद 72 तास उकळल्यावरही सुटता कामा नये. उरलेला एक तुकडा आम्ही भांड्यात उकळत ठेवला, तर काही तासांतच त्याचे थर पानांसारखे उघडले. होडीवरचे दोर बांधायचे जुने ब्राँझचे खुंट त्याने चकाकी आणण्यासाठी म्हणून नेले होते. परत आले ते हाताला हलके लागले आणि बुडाला कानस लावताच पिवळ्या मुलाम्याखाली जस्ताचा पांढुरका धातू दिसला. जुन्या होडीची अशी मूळ सामग्री पुन्हा मिळत नाही, म्हणून कारागिराच्या ताब्यात होडी देण्याआधी ती काढून, वजन करून घरी ठेवलेली बरी.

एवढे सगळे घडत असताना एका तपासनिसाचा अहवालही माझ्याकडे होता, आणि त्यात होडी ‘समाधानकारक’ ठरवली होती. हा तपासनीस त्या कारागिरानेच सुचवला होता आणि दोघांचा आर्थिक संबंध होता, हे मागाहून बाहेर आले. अहवाल पुन्हा वाचला तर त्यात ओलीचा एकही आकडा नाही, एकही खिळा काढून पाहिल्याची नोंद नाही, आणि ‘आच्छादित भागांची तपासणी शक्य झाली नाही’ हे वाक्य अगदी शेवटी बारीक अक्षरांत आहे. तपासनीस आपण स्वतः शोधावा, त्याचे शुल्क आपण थेट द्यावे, आणि त्याला रंगकाम झाल्यावर बोलावण्यापेक्षा फळ्या उघड्या असताना बोलावावे.

नोटीस पाठवल्यावर तडजोड म्हणून रकमेचा एक भाग परत मिळाला. ब्राँझचे खुंट मिळाले नाहीत. आवरण पूर्ण काढून, फळ्या सुकवून नव्याने काम करायला मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त खर्च येतो आहे, कारण चिकटलेल्या भागांत रेझिन घासून काढताना चांगले लाकूडही जाते. तो कारागीर अजून कामे घेतो, आणि नव्या ग्राहकांना दाखवायच्या त्याच्या संग्रहात माझ्या होडीचे रंग दिल्याच्या दिवशीचे छायाचित्र आहे, असे मला समजले आहे. आपल्याला कोणी असे चकचकीत छायाचित्र दाखवले, तर त्या होडीच्या मालकाशी बोलू द्या असे जरूर म्हणावे, आणि मालकाला ती होडी पाण्यात उतरल्याला किती काळ झाला, आत किती पाणी येते आणि जुन्या फळ्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या का, हे विचारावे.