‘येत आहे’ आणि ‘आली आहे’ यांच्यातले बासष्ट हजार

स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीत चढताना माझं पाकीट मारलं. कंडक्टर तिकिटाला आला, मागच्या खिशात हात घातला, तर हाताला नुसतं कापड. शेजारच्या बाई म्हणाल्या, “दारातच मुद्दाम रेटारेटी करतात मेले.” तिकीट फोनवरून काढलं. पाकिटात नऊशे रुपये, आधारची झेरॉक्स आणि बँकेचं डेबिट कार्ड. नऊशे गेले तर गेले, कार्ड बंद केलं की विषय संपला, असा माझा हिशेब.

बँकेच्या हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला आवाज. मराठीसाठी अमुक दाबा, कार्ड हरवलं असेल तर तमुक दाबा. सगळं दाबलं. मग म्हणे, “कृपया आपल्या कार्डवरील सोळा अंकी क्रमांक टाका.” अहो, कार्डच तर चोरीला गेलंय! दोनदा हेच झाल्यावर फोन ठेवला आणि बँकेच्या ॲपमधला चॅटबॉट उघडला. “माझं कार्ड चोरीला गेलं, बंद करा,” असं लिहिलं. उत्तर आलं, “आपल्याला नवीन कार्डसाठी अर्ज करायचा आहे का?” चार-पाच फेऱ्यांनंतर ‘कार्ड ब्लॉक’ हा पर्याय सापडला. ओटीपी आला, टाकला, आणि कात्रजच्या घाटात रेंज गेली. परत आली तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं: “आपली विनंती नोंदवण्यात येत आहे. मी आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर आहे.” वेळ ६:४८. मी स्क्रीनशॉट काढला, एवढंच त्या दिवशी केलेलं शहाणपणाचं काम, आणि डोळे मिटले.

सगळा जन्म मराठीत गेला, पण ‘येत आहे’ म्हणजे ‘आली आहे’ नव्हे, हे मला त्या गाडीत सुचलं नाही. त्याच्याखाली ‘खात्री करा’ असं एक बटण यायचं होतं म्हणे. रेंज गेल्यामुळे ते आलंच नाही. तक्रार क्रमांकही आला नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सव्वासातपासून मेसेज सुरू झाले. पेट्रोल पंपावर ४,९५०. कपड्यांच्या दुकानात ४,८००. मग आणखी कुठेतरी २,३१०. कार्ड मशीनला नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे देता येतात, २०२१ च्या जानेवारीपासून ही मर्यादा २,००० ची ५,००० झाली आहे, हे मला नंतर कळलं. चोराला आधीच माहीत होतं.

खरी फसवणूक इथून पुढची. घाबरून इंटरनेटवर बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं. वरच एक मोबाइल नंबर. पहिल्याच रिंगला उचलला. खऱ्या बँकेनं वीस मिनिटं झुलवलं होतं, त्यामुळे मला बरंच वाटलं! पलीकडचा मुलगा स्वच्छ मराठीत म्हणाला, “काका, घाबरू नका, आपोआप ब्लॉक करणारं ॲप पाठवतो.” व्हॉट्सॲपवर फाइल आली, तिच्यावर बँकेचं बोधचिन्ह. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. फॉर्ममध्ये जन्मतारीख, कार्ड नंबर आणि ‘जुना पिन रद्द करण्यासाठी’ पिन. कार्डाचा फोटो कधीकाळी बायकोला पाठवला होता तो नेमका आता आठवला, त्यावरून सोळा आकडे भरले. (अर्ध्या तासापूर्वी आठवला असता तर हेल्पलाइनवरच काम झालं असतं. असा फोटो फोनमध्ये ठेवणं हाच मूर्खपणा, तो भाग वेगळा.) हिरवी खूण आली आणि खाली नऊ आकडी तक्रार क्रमांक. जो बँकेनं दिला नाही, तो चोरानं दिला.

साताऱ्यात बहिणीकडे पोचेपर्यंत २४,९९९ दोनदा गेले होते. ओटीपीचे मेसेज मला दिसलेसुद्धा नाहीत. भाच्यानं ऐकलं, माझा फोन हिसकावून आधी फ्लाइट मोडवर टाकला आणि स्वतःच्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला. तिथं व्यवहारांचे नंबर विचारले, तक्रार घेतली. त्यामुळे १८,४०० रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते अजून परत मिळायचे आहेत. थांबलोय.

शाखेत साहेब म्हणाले, “तुमची विनंती अपूर्ण होती.” मी स्क्रीनशॉट पुढे ठेवला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक भाच्यानं छापून दिलं होतं. त्यात आहे की कार्ड हरवल्याची तक्रार आली की बँकेनं लगेच, आपोआप का होईना, क्रमांकासह पोच द्यायची. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे बँकेनं सिद्ध करायचं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असंही लिहून दिलं. सत्ताविसाव्या दिवशी कार्ड टेकवून गेलेले १२,०६० परत जमा झाले.

बाकीच्या ४९,९९८ ला मात्र नकार. पिन मी स्वतः दिला, त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

एक गोष्ट शाखेतल्या शिपायानं दाखवली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. ॲपमध्ये कार्डाच्या पानावरच एक बटण असतं, सरकवलं की कार्ड बंद. चॅटबॉट नको, ओटीपी नको. १ ऑक्टोबर २०२० पासून बँकांना ही सोय देणं बंधनकारक आहे. दोन सेकंदांचं काम. ते बटण कुठे आहे ते आजच बघून ठेवा, गाडीत बसायच्या आधी.

गोठवलेल्या पैशांबद्दल परवा पुन्हा विचारणा केली. उत्तर आलंय: “आपल्या तक्रारीवर कार्यवाही करण्यात येत आहे.”