गरम कार्ड आत गेलं, गार कार्ड बाहेर आलं : लॅमिंग्टन रोडवर माझे २२,२०० रुपये कसे गेले

ग्राफिक्स कार्डाचे १६,५००. त्या कार्डापायी घ्यायला लावलेल्या एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ४,९००. आणि कार्ड मेलेलं आहे एवढं ऐकण्यासाठी रिपेअरवाल्याला दिलेले ८००. एकूण २२,२०० रुपये. ऑफिसात मी यातलं अक्षरही बोललेलो नाही, कारण आमच्याकडे कुणाला कॉम्प्युटर बनवायचा झाला की तो आधी माझ्याकडे येतो. कुठलं बोर्ड, कुठलं कार्ड, कुठे घासाघीस करायची, हे सांगणारा मी. माझ्या शब्दावर आठ-नऊ जणांनी खरेदी केली आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर मला मान वर करता येणार नाही. तरी लिहितोय, कारण ज्या दुकानात मी फसलो तो काउंटर अजून चालू आहे आणि दर शनिवारी तिथे पोरांची गर्दी असते.

माझं जुनं मशीन २०१५ चं. आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ९६० ग्राफिक्स कार्ड. दहा वर्षं त्याने इमानाने काढली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. माझा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. त्याच्या ११५० सॉकेटात नवं काही बसत नाही, डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर चालत नाही. म्हणजे एखादा भाग बदलून भागणार नव्हतं. कॅबिनेट आणि एसएमपीएस ठेवून बाकी सगळं नवं घ्यायचं ठरवलं, बजेट ४५,०००.

घोळ रॅमने केला. ऑगस्ट २०२५ मध्ये मी १६ जीबी डीडीआर४ चा भाव काढला होता तेव्हा ३,४०० सांगितले होते. जानेवारीत तीच रॅम ९,८००. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपला क्रूशिअल हा रॅमचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, मग थांबून भाव उतरेल ही आशाही सोडली. रायझन ५ ५६०० प्रोसेसरचे ९,६००, बी५५० बोर्डाचे ७,९००, रॅम ९,८००, ५०० जीबी एसएसडी ४,७००. बेरीज ३२,०००. हे सगळं दुसऱ्या दुकानातून, पक्क्या बिलावर घेतलं आणि ते आजही नीट चालतंय. कार्डासाठी उरले १३,०००. मला हवं होतं आरटीएक्स ३०६० कार्ड, १२ जीबीचं. नवं २५,५०० ला सांगत होते. (८ जीबीचं ३०६० मिळालं तर नावावर जाऊ नका. त्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीतून माहिती ये-जा करायची वाट, १२८ बिटची, १२ जीबीवाल्याची १९२. स्वस्त दिसतं ते उगाच नाही.)

म्हणून सेकंडहँड. बायकोकडून ३,५०० उसने घेतले आणि १० जानेवारी २०२६ ला, शनिवारी, भांडुपहून दादर, दादरहून ग्रँट रोड स्टेशन. तिथून लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या मालाचा बाजार.

मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो, हे मला सांगायचंच आहे. ३०६० बाजारात आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, तेव्हा मायनिंगची, म्हणजे कार्डं राबवून क्रिप्टो चलन कमवायची, लाट होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस घासलेली कार्डं बाजारात उतरली, हे मला पाठ आहे. खोटं बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून जुनं कार्ड नव्या नावाने विकतात, तेही माहीत आहे. म्हणून मी पेन ड्राइव्हवर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड आणि कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क घेऊन गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा मराठी, सावंतवाडीचा. माझं आजोळ कुडाळ. "दादा, मायनिंगचं नाही, गेमिंगचं आहे, बिनधास्त टेस्ट करा," म्हणाला. मी केली. जीपीयू-झेडमध्ये ३५८४ कोअर, १९२ बिट, १२ जीबी, सगळं बरोबर. फरमार्क दहा मिनिटं चालवलं, तापमान ७४ वर स्थिर. मी मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढला. टेस्ट थांबवताच त्याने मशीन बंद करून कार्ड उपसलं, तेव्हा मी कार्डाच्या पाठीला बोट लावलं. चटका बसला.

मग तो म्हणाला, "आत पिशव्या आहेत, पॅक करून आणतो." आणि पडद्यामागे गेला.

पाच मिनिटं. जास्त नाहीत. तेवढ्यात दुसऱ्याने माझ्याकडून २,००० यूपीआयने घेतले, उरलेले १४,५०० मी रोख मोजत होतो. खोका आला, चिकटपट्टी लावलेला. मी पट्टी काढली, पिशवीतलं कार्ड हातात घेतलं, पोर्ट बघितले, पंखे बघितले. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच काळा कूलर. आणि ते कार्ड गार होतं.

माझ्या हाताला ते कळलं होतं. हेच मला खातं. न कळलेल्या गोष्टीचं दुःख वेगळं असतं. मला कळलं, आणि मीच स्वतःला समजावलं की आत एसी असेल. पाव किलोच्या वरचा हीटसिंक ७४ डिग्रीवरून पाच मिनिटांत हाताला गार लागत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. त्या क्षणी "हेच परत लावून दाखव" एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मागे तीन गिऱ्हाइकं उभी, नोटा त्यांच्या गल्ल्यात गेलेल्या, मुलगा आपल्या गावाकडचा, आणि मला वाटलं की आता संशय घेतला तर बरं दिसणार नाही. बरं दिसावं म्हणून मी १६,५०० दिले.

टेस्ट करायच्या आधी कार्डावर स्वतःच्या सहीचा स्टिकर लावा. सिरियल नंबरचा फोटो टेस्टच्या आधी, आणि पॅकिंगनंतर परत. कार्ड नजरेआड होऊ देऊ नका, पिशवी घरून न्या.

घरी पोचलो तर बायकोने पहिलंच विचारलं, "बिल घेतलंस ना?" नव्हतं. पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे २,९७० रुपये. मी चिठ्ठीवर 'सात दिवस चेकिंग वॉरंटी' एवढं लिहून घेतलं. त्यावर ना शिक्का, ना दुकानाचं नाव. सेकंडहँड मालाला त्या रस्त्यावर कोण बिल देतं, असं मी तिला म्हणालो. हे खरंही आहे. पण तिचा प्रश्न त्याहून खरा होता.

रविवारी मशीन जोडलं. डेस्कटॉप आला, ड्रायव्हर बसला. गेम सुरू केला की दोन मिनिटांत स्क्रीनभर हिरवे-जांभळे चौकोन आणि मग काळोख. सोमवारी फोन केला: ड्रायव्हर साफ करून परत टाका. टाकला. मंगळवारी: बायोस अपडेट करा. केलं. बुधवारी संक्रांत, शेठ नाहीत. गुरुवारी १५ तारखेला महापालिकेचं मतदान, दुकान बंद. शुक्रवारी फोन उचललाच नाही. शनिवारी मी कार्ड आणि कॅबिनेट घेऊन थेट दुकानात. शेठने कॅबिनेटमध्ये डोकावून सांगितलं, "साहेब, एसएमपीएस दहा वर्षांचा, ४५० वॉटचा. कार्डाला ५५० सांगतात. कार्ड ठीक आहे." हे इतकं बरोबर होतं की मी गप्प झालो. ३०६० साठी ५५० वॉटच सांगतात आणि माझा एसएमपीएस खरंच जुना होता. खरं बोलून त्याने मला दुसऱ्यांदा लुटलं. ६५० वॉटचा नवा एसएमपीएस ४,९०० ला दिला आणि म्हणाला, हा लावूनही त्रास झाला तर कार्ड बदलून देतो. सीलबंद माल, म्हणून याचं मात्र पक्कं बिल, जीएसटी नंबरासकट.

रविवारी तेच चौकोन. सोमवारी, १९ तारखेला, उत्तर मिळालं: सात दिवस झाले. त्या आठवड्यातला प्रत्येक फोन कशासाठी होता ते तेव्हा कळलं. चेकिंग वॉरंटी असेल तर पहिल्याच दिवशी वस्तू नेऊन काउंटरवर ठेवा. फोनवर सल्ले घेत बसू नका. आणि 'तुमच्या मशीनचा दोष आहे' असं म्हणाले तर त्यांच्याच मशीनवर लावून बघा; शनिवारी मी कॅबिनेट उचलून नेलं आणि हे एक करायचं राहिलं.

त्या रात्री मी टेस्टचा व्हिडिओ परत लावला. जीपीयू-झेडमध्ये मेमरीच्या कंपनीपुढे सॅमसंग लिहिलेलं. माझ्या मशीनवर तेच पान उघडलं. हायनिक्स. दोन वेगळी कार्डं, यात आता शंकाच उरली नाही. मी तसाच बसून राहिलो. रिपेअरवाल्याने कूलर उघडून दाखवलं की दोन मेमरी चिपांना आधीच गरम हवेचा हात लागलेला आहे, बाजूला सोल्डरिंगच्या फ्लक्सचे डाग आहेत, म्हणजे त्यांवर आधी दुरुस्ती झालेली आहे. त्याचे ८००.

आता पोलीस. घराजवळच्या ठाण्यात सांगितलं, दुकान जिथे आहे तिथे जा. तिथे गेलो तर, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोरचा व्यवहार आहे, हे आमचं नाही. परत दुकानाच्या हद्दीतल्या ठाण्यात. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ दहा सेकंद पाहिला. "कार्ड तुमच्याकडेच आहे ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, एक वस्तू दाखवून दुसरी दिली, याला फसवणूकच म्हणतात. आपण ४२० म्हणायचो ते जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आणि खबर घ्यायला हद्दीचं कारण सांगता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ते म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका. बिल आणा." बिल असतं तर मला त्यांच्या दारात चार वेळा अर्धी रजा टाकून उभं राहावं लागलं असतं का? चौथ्या खेपेला अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब बंदोबस्तावर. बाकड्यावर दोन तास बसून शिक्का घेतला. १७३ मध्येच सोय आहे म्हणून तोच अर्ज उपायुक्तांना स्पीड पोस्टने पाठवला. महिना उलटला, फोन नाही, कागद नाही. मी तिथे भीक मागायला गेलो नव्हतो. माझ्याकडे तारीख, वेळ, व्हिडिओ, पैसे गेल्याची नोंद, सगळं होतं. एक हवालदार शंभर पावलं चालून त्या काउंटरवर गेला असता तर पडद्यामागे काय ठेवलंय ते दिसलं असतं.

बँकेत गेलो, तिथे दोन वाक्यांत काम संपलं. पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं; तेही मी पाहिलं होतं आणि पुढे ढकललं होतं. नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका. पैसे ऑनलाइन फसवून गेले असतील तर त्याच तासात सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा. माझे १४,५०० रोख गेले, तिथे तो नंबर उपयोगाचा नाही. पैसे देऊन वस्तू खराब निघाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि वकील लागतोच असं नाही. माझ्या कागदांत सगळ्यात भक्कम कागद कुठला, तर त्या नको असलेल्या एसएमपीएसचं बिल. दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर फक्त त्यावर आहे. त्याला जोडून व्हिडिओ, दोन्ही जीपीयू-झेडचे फोटो, रिपेअरवाल्याची पावती आणि ती बिनशिक्क्याची चिठ्ठी. तक्रार दाखल झाली आहे, तारीख लागायची आहे.

सध्या नव्या बोर्डावर जुनं जीटीएक्स ९६० लावून मशीन चालवतो. मेलेलं ३०६० कपाटात आहे. गेल्या आठवड्यात एकाने विचारलं, पार्ट्ससाठी ४,००० देतो, विकणार का. माझ्या नुकसानीतले ४,००० लगेच भरून आले असते, बायकोचे ३,५०० फिटले असते. कुठे नेणार म्हणून विचारलं. ग्रँट रोडला, म्हणाला. दिलं नाही.